शेवटच्या इंचाआधीचं भोक

गोंदियात भातगिरण्यांच्या मागच्या बाजूला वेल्डिंगची एक शेड आहे. घराचं फाटक सहा पावसाळ्यांत खालून कुजलं, म्हणून मी ते तिथं नेलं. वरचा रंग शाबूत होता. कारागीर भाऊंनी खालच्या आडव्या पाइपाला ड्रिल लावलं आणि तांबूस पाणी ओघळलं, ओघळतच राहिलं.

"चारी बाजूंनी बंद पाइप, मग पाणी शिरलं कुठून?"

त्यांनी जोडाच्या कोपऱ्यातली पुट्टी खरवडली. खाली सुईच्या टोकाएवढं छिद्र.

जुन्या फाटकाचा सारा रोग त्या छिद्रात होता. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करत आणली की आतली हवा तापते, फुगते. ३० अंशांची कोंडलेली हवा ३३० अंशांवर गेली, तर दाब जवळजवळ दुप्पट होतो. बाहेर पडायला एकच जागा उरते, ती म्हणजे शेवटच्या इंचातला वितळलेला रस. हवा तो फोडून निघते. वरून पुट्टी, रंग, की काम झालं! मग मे महिन्यात पाइप तापतो, हवा सोडतो. तापलेल्या पाइपावर वळवाची सर आली की तो गार पडतो आणि त्याच छिद्रातून पाणी ओढून घेतो. इकडच्या उन्हापावसात हे वर्षानुवर्षं चालतं.

नवं फाटक करताना मी शेजारीच बसलो. आडवा पाइप उभ्याला जिथं टेकणार, तिथं उभ्या पाइपाला त्यांनी आधीच ४ मिलिमीटरचं भोक पाडलं. जोड झाला की ते आत झाकलं जातं. दोन्ही उभ्या पाइपांच्या तळाच्या झाकणांना आणखी एकेक भोक. "हवा जाईन कुठं, हे आधी ठरवाचं. मंग रॉड लावाचा." शेवटचा इंच आला. रस शांत राहिला, बुडबुडा नाही. तळाच्या भोकातून धुराची बारीक रेघ तेवढी निघाली.

जस्ताचा मुलामा देताना तर हे भोक जिवाचा प्रश्न असतो. वितळलेलं जस्त सुमारे ४५० अंशांवर असतं. त्यात बुडवलेल्या बंद पाइपात थोडं पाणी राहिलं, तरी त्याची वाफ सतराशे पट जागा मागते आणि पाइप बॉम्बसारखा फुटतो. जुना बंद पाइप कापायचा किंवा जोडायचा असेल, तरी भाऊ आधी ड्रिलच उचलतात.

संध्याकाळी पेंटर पुट्टीचा डबा घेऊन आला. तळाची दोन्ही भोकं मी त्याला बोट लावून दाखवली, आणि ती उघडीच ठेवायला सांगितली.