मैदान आणि प्रवेश परीक्षा

माहीमजवळचे शिवाजी पार्क दररोज सायंकाळी गजबजून जाते. १९२५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या मैदानाचे जुने नाव ‘माहीम पार्क’. येथे कोणी क्रिकेट खेळतो, तर कोणी समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर चढतो.

यांतील एखाद्या खेळाडूला अभियंता व्हावयाचे असेल, तर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मग त्याने खेळ सोडावा काय?

हिशेब करून पाहावा. दिवसाचे तास २४. निद्रेला ८, महाविद्यालयाला ६, सरावाला ३, जेवण व प्रवासाला ३ दिले, तरी ४ तास उरतात. मात्र सर्व तास सारखे नसतात. सरावाने थकलेल्या शरीराला रात्री अवघड गणित पेलवत नाही. ते पहाटे सोडवावे, रात्री केवळ उजळणी करावी. सामन्यांच्या आठवड्यातील अभ्यास आधीच उरकावा. या परीक्षेत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. म्हणून तयारी अकरावीतच आरंभावी. निद्रेचे तास मात्र कधीही कमी करू नयेत. त्यामुळे खेळ बिघडतो आणि अभ्यासही.

एका दिवसाच्या सरावाने सामना जिंकता येत नाही, हे खेळाडूला सांगावे लागत नाही. परीक्षेचेही तसेच आहे.