विषाणूची शिदोरी

विषाणूकडे प्रथिने बनवण्याची स्वतःची यंत्रणा नसते. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच अमिनो आम्लांतून आपले कवच घडवतो. म्हणून प्रयोगशाळेत विषाणू वाढवायचा, तर आधी पेशींचे पोषण नीट करावे लागते.

याचे अभिमानास्पद उदाहरण पुण्याचे. १९६७ मध्ये तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) डॉ. सिंग यांनी एडिस डासांच्या अळ्यांपासून पेशींचे वाण तयार केले. त्यांच्या पोषकद्रवात दुधातल्या प्रथिनाचे विघटन करून मिळवलेली अमिनो आम्ले होती. त्यातल्याच एका वाणाची उपशाखा, सी६/३६, आज जगभर डेंग्यूचा विषाणू वाढवायला वापरतात.

सगळी अमिनो आम्ले सारखी महत्त्वाची नसतात. हॅरी ईगल यांच्या १९५९ च्या प्रसिद्ध पोषकद्रवात ती तेरा होती. त्यांतले ग्लुटामिन पोषकद्रवात आपोआप विघटित होते, म्हणून जुनी बाटली दगा देते. आर्जिनिन काढून घेतले, की नागिणीच्या कुळातला हर्पिस सिम्प्लेक्स नीट वाढत नाही. पोलिओचा विषाणू मात्र पेशीतल्या साठ्यावर काही काळ भागवतो.

त्यामुळे विषाणूचे पीक कमी आले, तर प्रथम पोषकद्रव तपासावे.