रस्ता, शस्त्र आणि जमाखर्च : 'ऑटोड्युएल' या संगणकीय खेळाचे कथारूप

एखाद्या लघुकथेतील कल्पना प्रथम पुठ्ठ्याच्या सोंगट्यांच्या खेळात उतरावी, तेथून ती संगणकाच्या पडद्यावर जावी, आणि या प्रवासात कथेचे कथन लोपून तिचे जग तेवढे उरावे, ही घटना तौलनिक वाङ्मयाभ्यासाच्या कक्षेबाहेरची मानता येत नाही. रूपांतराचा विचार करताना आपण सामान्यतः कादंबरीचे नाटक किंवा नाटकाचा चित्रपट डोळ्यांपुढे ठेवतो. तेथे माध्यम बदलले तरी कथानक टिकते. खेळात मात्र कथानकच वगळले जाते, आणि तरीही मूळ कृतीचा आशय शिल्लक राहतो की नाही, हा खरा प्रश्न असतो. 'ऑटोड्युएल' हा खेळ या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

रिचर्ड गॅरियट आणि चक ब्यूश यांनी रचलेला हा खेळ ओरिजिन सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली ॲपल टू या संगणकासाठी प्रसिद्ध केला. पुढे तो इतर संगणकांसाठीही निघाला. त्यातील काळ इ. स. २०३० हा असून स्थळ अमेरिकेचा ईशान्य भाग आहे. न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया ही शहरे उभी आहेत. त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर मात्र कायद्याचे राज्य उरलेले नाही. तेथे मोटारींवर मशिनगन, रॉकेट आणि लेसर बसवलेले असतात, आणि समोरून येणारा वाहनचालक मित्र की शत्रू हे पहिली गोळी सुटेपर्यंत कळत नाही.

अशा कृतींना इंग्रजीत जे विशेषण लावतात त्याचा 'प्रलयोत्तर' हा मराठी पर्याय सहज सुचतो. तथापि तो निर्दोष नाही. ख्रिस्ती परंपरेतील जगाचा अंत हा सरळ रेषेत चाललेल्या काळाचा शेवटचा बिंदू आहे, आणि त्याच्या मूळ ग्रीक शब्दात आवरण दूर होण्याचा, दडलेले उघड होण्याचा अर्थ आहे. आपल्याकडील प्रलय चक्राकार काळात येतो. त्यात सृष्टी विलीन होते आणि पुन्हा नव्याने निर्माण होते. मधल्या काळात पडक्या भिंती, गंजलेली यंत्रे आणि त्यांतून वाट काढणारी माणसे यांना स्थान नाही. प्रलयानंतर भंगार उरत नाही. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय' या कथेत मुंबईवर हिमवर्षाव होतो, तेव्हाही कथेचे केंद्र ते संकट हेच असते, त्यानंतरच्या रस्त्यावरचे जीवन नव्हे. म्हणून 'विध्वंसोत्तर' हा रुक्ष शब्दच अधिक अचूक म्हणावा लागेल.

'ऑटोड्युएल'ची वंशावळ या विध्वंसोत्तर अमेरिकन कथेपर्यंत पोहोचते. रॉजर झेलाझ्नी यांची 'डॅमनेशन ॲली' ही कादंबरी १९६९ साली पुस्तकरूपाने आली. अणुयुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेत लॉस एंजलिसहून बॉस्टनपर्यंत प्लेगवरील औषध पोहोचवण्याची कामगिरी त्यात एका गुन्हेगारावर सोपवली जाते. त्या औषधाच्या नावात १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या नावाची छाया दिसते. परळच्या संस्थेमुळे ते नाव परिचित असलेल्या मराठी वाचकाला या अमेरिकन वाळवंटात ते अचानक भेटावे, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. दुसरा आणि अधिक निकटचा पूर्वज म्हणजे ॲलन डीन फॉस्टर यांची १९७१ सालची 'व्हाय जॉनी कान्ट स्पीड' ही लघुकथा. येथे विध्वंस झालेलाच नाही. महामार्गावरील सशस्त्र द्वंद्व समाजाने रीतसर मान्य केले आहे, आणि अशा द्वंद्वात मुलगा गमावलेला बाप स्वतःची मोटार शस्त्रसज्ज करून सूड घेण्यास निघतो. कथा औपरोधिक आहे. तिचे शीर्षकच मुलांना वाचता का येत नाही, या विषयावरील १९५५ च्या एका गाजलेल्या पुस्तकाच्या नावाची नक्कल आहे. रस्त्यावरची हत्या वाहतुकीच्या नियमांइतक्या थंड स्वरात सांगितली जाते, आणि त्या स्वरामुळेच वाचक अस्वस्थ होतो.

फॉस्टर यांच्या कथेपासून प्रेरणा घेऊन चॅड अर्बी आणि स्टीव्ह जॅक्सन यांनी 'कार वॉर्स' हा बैठा खेळ रचला. तो १९८० च्या सुमारास बाजारात आला. त्याच्या जगात तेल संपत आले आहे, पिकांवर रोग पडला आहे, अन्नासाठी दंगली झाल्या आहेत. १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोल पंपांपुढे रांगा लावलेल्या समाजाला हे भविष्य फार दूरचे वाटले नसावे. खेळाची एक फेरी म्हणजे प्रत्यक्षातला एक सेकंद. चौकटी आखलेल्या रस्त्यावर पुठ्ठ्याच्या चिमुकल्या मोटारी सरकवताना वेग, वळणाचा धोका, गोळी लागण्याची शक्यता, हे सर्व कोष्टके आणि फासे यांच्या साहाय्याने ठरवावे लागते. पंधरा सेकंदांची चकमक संपण्यास संध्याकाळ लागू शकते. फॉस्टर यांच्या निवेदकाचा थंड स्वर येथे कोष्टकांत उतरला आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. मुलगा गमावलेला बाप मात्र कोठेच नाही.

गॅरियट आणि ब्यूश यांच्यापुढील अडचण उलट होती. संगणक फासे आपोआप टाकतो, कोष्टके स्वतःच वाचतो. तेव्हा खेळणाऱ्याच्या हाती काय ठेवावे? त्यांनी द्वंद्वाला गती दिली, आणि हिशेब त्याच्याच गळ्यात ठेवला. दोन हजार डॉलर आणि मोटारीविना हा प्रवास सुरू होतो. आखाड्यात हौशी मंडळींसाठी एक रात्र राखून ठेवलेली असते. त्या रात्री आयोजकच गाडी पुरवतात. तेथे जगला तर बक्षिसाच्या पैशातून स्वतःची मोटार बांधता येते. ही बांधणी हाच खेळाचा सर्वांत रसपूर्ण भाग आहे. सांगाडा किती वजन पेलतो, चिलखत पुढच्या बाजूस किती आणि मागच्या बाजूस किती, मशिनगन घेतली तर सुरुंगांसाठी जागा उरते का, माल वाहून नेण्यासाठी काही मोकळे ठेवावे का, हे सारे ठरवताना पैसा, वजन आणि जागा या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. मग एका शहरातून दुसऱ्या शहरात सामान पोहोचवण्याची कामे घ्यायची, वाटेत हरवलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकायचे, दुरुस्ती करायची, पुन्हा निघायचे. बसने जाण्याचीही सोय आहे. विध्वंसानंतरही बस चालू राहावी, हा तपशील खेळाच्या स्वभावाशी सुसंगतच आहे. या मोटारी पेट्रोलवर नव्हे तर विजेवर चालतात. बॅटरीतील शक्ती उतरत जाते, आणि भर रस्त्यात ती संपली तर उत्तमोत्तम शस्त्रही उपयोगी पडत नाही.

याच प्रकारच्या अन्य खेळांत शर्यत ही मध्यवर्ती असते. १९८९ च्या 'डेथ ट्रॅक'मध्ये शस्त्रे बाळगून धावपट्टीवर पहिले यायचे असते. शर्यतीला अंतिम रेषा असते, म्हणून तिला शेवटही असतो. 'ऑटोड्युएल'मधील रस्त्याला असा शेवट नाही. पुढे सरकारी गुप्तहेर खात्याच्या कामगिऱ्या येतात हे खरे. पण खेळाची लय रोजच्या फेऱ्यांचीच राहते. एक्सिडी कंपनीच्या १९७६ च्या 'डेथ रेस' या यंत्रखेळावर, माणसासारख्या आकृत्या मोटारीखाली चिरडण्याच्या कल्पनेमुळे, अमेरिकेत मोठा गहजब झाला होता. त्या टीकेचा रोख दृश्यावर होता. 'ऑटोड्युएल'मध्ये दृश्य इतके साधे आहे, वरून पाहिलेल्या छोट्या चौकोनांइतके, की आक्षेप घेण्यासारखे डोळ्यांना फारसे काही सापडत नाही. अस्वस्थ करणारी गोष्ट अन्यत्र आहे. समोरची मोटार दिसताच खेळणाऱ्याच्या मनात प्रथम येतो तो तिच्या सुट्या भागांच्या किमतीचा विचार. फॉस्टर यांच्या कथेत वाचक त्या समाजाकडे बाहेरून पाहू शकतो आणि त्याला नावे ठेवू शकतो. येथे तो त्या समाजाचा नागरिक होतो, आणि दुसऱ्या तासाला त्याला त्याचे काही वाटेनासे होते. उपरोध नष्ट झालेला नाही. तो कथानकातून निघून जमाखर्चात शिरला आहे. मात्र तो ओळखणारा वाचक आता जागेवर राहील याची शाश्वती नाही.

भारतीय परंपरेत या परिस्थितीचा जवळचा पडताळा प्रलयवर्णनांत मिळत नाही, तो महाभारताच्या मौसलपर्वात मिळतो. यादवकुलाचा नाश झाला आहे, द्वारका समुद्रात बुडत आहे, आणि उरलेल्या स्त्रिया, मुले व धन घेऊन अर्जुन निघाला आहे. पंचनद प्रदेशात आभीर लाठ्या घेऊन त्या तांड्यावर तुटून पडतात. गांडीव कष्टाने सज्ज होते, दिव्य अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय म्हणवणारे भाते रिते होतात, आणि तो महाधनुर्धर धनुष्याच्या टोकाने लुटारूंना मारू लागतो. युगान्ताची खूण म्हणून व्यासांनी असुरक्षित रस्ता निवडावा, ही केवढी जाण आहे! रक्षक, माल, लुटारू, संपलेला दारूगोळा, हे सारे घटक दोन्हीकडे सारखेच आहेत. भेद अर्थाचा आहे. अर्जुनाचे बाण संपतात ते त्याचा काळ संपला म्हणून, आणि व्यास त्याला तसे समजावतात. २०३० च्या रस्त्यावर गोळ्या संपतात त्या पुरेशा विकत घेतल्या नाहीत म्हणून; पुढच्या शहरात दुकान आहे.

मृत्यूचीही तेथे अशीच व्यवस्था आहे. 'गोल्ड क्रॉस' नावाच्या संस्थेत आगाऊ रक्कम भरून स्वतःच्या देहाची प्रतिकृती तयार ठेवता येते आणि वेळोवेळी आपली स्मृती तेथे नोंदवता येते. पैसे भरले नसतील तर मरण अंतिम असते. भरले असतील तर नायक पुन्हा उठतो, परंतु त्याचे ज्ञान आणि कौशल्य शेवटच्या नोंदीपर्यंतचेच असते. मधल्या फेऱ्या, मिळवलेली मोटार, आणि ज्या चकमकीत तो मेला ती चकमक, यांतले काहीही त्याच्यापाशी नसते. ती हकीकत फक्त पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ठाऊक असते, आणि खेळात ती सांगण्याची कोणतीही सोय ठेवलेली नाही.