धावपट्टी आहे, फेरी कुठे आहे?

आम्हा रत्नागिरीकरांच्या मिरजोळ्यात धावपट्टी आहे, पण ती तटरक्षक दलाच्या ताब्यात. ईद-लग्नाला आखातातून येणारे आपले भाऊ-भाचे मुंबईला उतरतात आणि पुढचे सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर रेल्वेने नाहीतर गाडीने येतात. पर्यटकांचेही तेच. शुक्रवारी रात्री निघालेला पाहुणा रविवारी परततो. गणपतीपुळ्याचे हॉटेल असो की किनाऱ्यावरच्या चार खोल्या, दोन रात्री भाडे चढे आणि सोमवार ते गुरुवार शुकशुकाट. बँकेचा हप्ता मात्र सातही दिवसांचा.

शेजारच्या सिंधुदुर्गात चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. मुंबईचे विमान जेमतेम सत्तर आसनांचे. त्यावर जिल्ह्याची हॉटेले थोडीच भरतात! २०२३ मध्ये गोव्याचा मोपा उघडला, प्रवाशांना दुसरी वाट मिळाली. उडान योजनेची तीन वर्षे संपली आणि २०२४ मध्ये मुंबईची ती फेरी थांबली. लक्षद्वीपमध्ये तर अगत्तीची धावपट्टी इतकी आखूड की मोठे विमान उतरतच नाही. तिथे आधी विमानाचे किंवा जहाजाचे तिकीट, मग खोली.

मिरजोळ्यातून प्रवासी विमान उडणार म्हणून आपल्यातली काही घरे परसात कर्जाने खोल्या बांधायच्या विचारात आहेत. टर्मिनलची इमारत पाहून कर्ज काढू नका. फेऱ्या आठवड्यातून किती आणि सरकारी अनुदान किती वर्षांचे, हे आधी विचारा.