रात्री अंगातून वाफा निघतात तेव्हा

वस्तीत फिरताना पंचेचाळिशीच्या पुढच्या भगिनी आम्हाला हळूच सांगतात, "सिस्टर, रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं ब्लाऊज भिजतो." पाळी जाण्याच्या वयात, साधारण ४५ ते ५५ दरम्यान, शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि मेंदूचा तापमानावरचा ताबा बिघडतो. हा आजार नाही. वाफ काही मिनिटांत ओसरते, पण झोप मोडते आणि पहाटेची पाण्याची रांग काही चुकत नाही.

पत्र्याच्या खोलीत पंखा एकच असतो. त्याखालची जागा आईला द्या. सैल सुती कपडे घाला. उशाशी पाण्याचा तांब्या, ओला पंचा ठेवा. वाफ आली की सावकाश, खोल श्वास घ्या. संध्याकाळनंतर चहा आणि तिखट कमी करा.

मात्र घामासोबत ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा वजन घटणं असेल, तर "वय झालं" म्हणून गप्प बसू नका. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. वाफा सोसवत नसतील तर त्यावरही उपचार आहेत. दुकानातून मनानं गोळ्या आणू नका. घरात बोला. हे लाजेचं दुखणं नाही.