कोंबडीची फाइल आणि माणसाची फाइल

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फेब्रुवारी २००६मध्ये देशातील बर्ड फ्लूची पहिली नोंद नंदुरबार जिल्ह्यातील याच नवापुरात झाली. विषाणूने राज्याची सीमा अर्थातच मानली नाही. लगतच्या गुजरातमधील उच्छलमध्येही तो आढळला. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. माणसांच्या नमुन्यांत लागण सापडली नाही आणि राजधानीने सुटकेचा निःश्वास सोडला.

तेव्हा केंद्रात कृषी खाते शरद पवार यांच्याकडे, तर आरोग्य खाते अंबुमणी रामदास यांच्याकडे होते. आजारी कोंबडीची फाइल कृषी भवनात, तिच्या मालकाच्या तापाची निर्माण भवनात आणि मेलेल्या रानपक्ष्याची पर्यावरण भवनात, अशी ही विभागणी होती. राज्यघटनेतही सार्वजनिक आरोग्य व पशुरोग प्रतिबंध हे राज्यसूचीतील दोन स्वतंत्र विषय आहेत. मात्र समवर्ती सूचीतील २९व्या नोंदीत माणसे, प्राणी आणि वनस्पती यांच्या आंतरराज्य संसर्गाचा विचार एकत्रच केलेला आहे. घटनाकारांनी जे एका ओळीत बसवले, ते प्रशासनाला एका टेबलावर आणता आले नाही.

नशिबाची साथ कायम राहिली नाही. जुलै २०२१मध्ये हरयाणातील ११ वर्षांचा मुलगा दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये एच५एन१च्या संसर्गाने दगावला. मार्च २०२५मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांच्या मुलीचा याच विषाणूने बळी घेतला. २००३पासून जगभरात या विषाणूचे नऊशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील जवळपास निम्मे मरण पावले. हा विषाणू अद्याप माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही, हाच काय तो दिलासा. पण २०२४मध्ये तो अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये आणि तेथून गोठ्यात काम करणाऱ्या मजुरांपर्यंत पोहोचला. प्रत्येक नव्या यजमानाच्या शरीरात विषाणूला स्वतःत बदल घडवण्याची आणखी एक संधी मिळते.

ही संधी नाकारायची, तर पहिली मरतूक होताच वर्दी मिळायला हवी. ती देऊ शकतो फक्त कोंबडीपालक. पशूंमधील सांसर्गिक रोगांबाबतच्या २००९च्या कायद्याने रोगाची माहिती देणे त्याच्यावर बंधनकारक केले आहे. पण त्याचे गणित वेगळे असते. नुकसानभरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत शेड निम्मी रिकामी झालेली असू शकते. पुढे निर्जंतुकीकरण, रिकामे गेलेले महिने आणि कर्जाचे हप्ते आहेतच. शिवाय बातमी फुटताच भाव कोसळतात, ते रोग नसलेल्यांचेही. जानेवारी २०२१मध्ये गाजीपूरचा कोंबडीबाजार बंद झाला, तेव्हा दिल्लीकरांनी हे जवळून पाहिले. अशा वेळी उरलेला माल रातोरात विकून टाकण्याचा मोह एखाद्याला झाला, तर त्याला केवळ बेजबाबदार म्हणून चालणार नाही. त्या एका टेम्पोबरोबर रोग मात्र दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचलेला असतो.

म्हणूनच भरपाई ही कृषी खात्याने दाखवलेली दया नव्हे. तो सार्वजनिक आरोग्यावरील खर्च आहे. आज तो केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात आणि तो पशुसंवर्धनाच्या खात्यावर पडतो. वर्दी दिल्यापासून मेलेले पक्षीही भरपाईत धरले आणि रक्कम काही दिवसांत हाती पडली, तर खरे सांगणे कोंबडीपालकाला परवडेल.

नागपुरात ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२मध्ये झाली. २०२४मध्ये तिच्या संचालकांकडेच अनेक मंत्रालयांच्या राष्ट्रीय मोहिमेची धुरा देण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. फाइली एकत्र आणण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु उत्तम प्रयोगशाळाही तिच्यापर्यंत न पोहोचलेला नमुना तपासू शकत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला आणि पुन्हा लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. तिसऱ्या वेळी तेथील कोंबडीपालक पहिला फोन पशुवैद्याला करतो की व्यापाऱ्याला, यावरच या मोहिमेचे यश मोजावे लागेल.