गोंदिया : स्टेशनावर उतरलेली फॅशन

नागपूरहून रायपूरकडे निघालेली गाडी तुमसर आणि तिरोडा मागे टाकते, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पसरत जातात आणि साधारण एकशेतीस किलोमीटरवर गोंदिया जंक्शन येतं. इथून उत्तरेला बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश. पूर्वेला सालेकसा-दरेकसाचं जंगल ओलांडलं की डोंगरगड, म्हणजे छत्तीसगड. दक्षिणेची लाईन नागभीडवरून चंद्रपूरकडे जाते. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्य आडवं कापत इथे येऊन थांबते. पुढे महाराष्ट्र उरतोच किती? १ मे १९९९ पर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. त्याच्याही आधी, १९५६ पर्यंत, तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आणि नंतरच्या मध्य प्रदेशात होता. त्यामुळे गोंदियाच्या बाजारात आजही मराठीत सुरू झालेला सौदा हिंदीत संपतो आणि मध्येच एखादं वाक्य पोवारीत होऊन जातं. त्याचं कोणाला काही वाटत नाही.

गावाची ओळख करून द्यायची म्हटली की राईस मिल, बिडी आणि स्टेशन ही तीन नावं ठरलेली. ती खरीच आहेत. पण इथल्या जुन्या घरांमध्ये पत्र्याच्या पेट्यांत, लग्नपत्रिका आणि जमिनीच्या कागदांबरोबर ठेवलेले जे फोटो निघतात, त्यांतून या तीन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध जास्त नीट कळतो. लहान गावाची फॅशन म्हणजे मोठ्या शहराची उशिरा आलेली नक्कल, असं आपण धरून चालतो. गोंदियाचे फोटो तसं म्हणत नाहीत. इथे फॅशन गाडीने येत होती, आणि गाड्या चारी दिशांनी येत होत्या.

आधी रुळांचा हिशेब. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाईन इथून गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या ‘बीएनआर’ने, ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली आणि कलकत्त्याच्या दिशेने नेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी नॅरोगेज झाली, तीच सातपुड्याची छोटी गाडी. १९०८ मध्ये नागभीडचीही छोटी लाईन आली. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत एका आडगावी मुंबई, कलकत्ता, जबलपूर आणि चांदा (म्हणजे चंद्रपूर) अशा चार दिशा येऊन मिळाल्या. रेल्वेचं मुख्यालय कलकत्त्यात, म्हणून बाबू बंगाली. ड्रायव्हर-गार्डांत अँग्लो-इंडियन. धानाच्या आणि जंगलमालाच्या व्यापाराला मारवाडी, बिडीला गुजरातेतले पटेल, फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी. मूळचे गोंड, पोवार, लोधी, कुणबी, कोहळी, कलार तर होतेच.

हे सगळे एका फोटोत बघायचे असतील तर एखादा निरोप समारंभाचा ग्रुप फोटो शोधावा. बदली झालेला अधिकारी मध्यभागी खुर्चीत, गळ्यात हार. त्याच्या शेजारी बंद गळ्याचा लांब कोट आणि काळी टोपी घातलेला शेठ, मग चुण्यांचं धोतर पायघोळ सोडलेला बंगाली बाबू, मग पगडी, मग खांद्यावर दुपट्टा टाकलेला, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत धोतर नेसलेला गावचा पाटील. मागे उभ्या रांगेत सोला हॅट. पुढे सतरंजीवर बसलेले शिपाई, त्यांच्या अंगावर गणवेश पण पाय अनवाणी. कपड्यांवरून माणूस कुठल्या गाडीने गावात आला हे सांगता येईल, इतकं ते स्वच्छ आहे. एवढी सरमिसळ त्या काळच्या पुण्यातल्या वाड्याच्या फोटोत दिसणार नाही.

या मुलखातला कॅमेरा मात्र आधी अभ्यासासाठी आला. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात गोंडांचे फोटो आहेत. एका फोटोत गोंड बायका पाठमोऱ्या आहेत आणि पोटऱ्यांवरचं गोंदण दाखवताहेत. साहेबाला नोंद करायची होती, त्याने ती केली. आज तो फोटो बघताना माझं लक्ष गोंदणाच्या कारागिरीकडे जातं. ठिपक्यांच्या इतक्या काटेकोर ओळी कुणी कंटाळून काढत नाही. तो त्यांचा शृंगार होता, न उतरवता येणारा. त्या स्त्रियांना आपण कशा दिसतो हे दाखवायला कुणी प्रत परत नेली असेल का, याची मला फार शंका आहे.

स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने फोटो काढायचा तर स्टुडिओत जावं लागे. तालुक्याच्या गावाहून सकाळच्या गाडीने यायचं, बाजार करायचा, फोटो काढायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. प्रत घ्यायला पुन्हा एक खेप. कामठा, आमगाव, सडक अर्जुनीकडची मंडळी लग्नानंतर जोडीने फोटो काढायला येत तो एक कार्यक्रमच असे. नवरा खुर्चीत, बायको उभी, आणि दोघांच्या मध्ये हातभर अंतर. पुढच्या पिढीत बायको खुर्चीत आली आणि नवरा मागे उभा राहिला. हा बदल कोणत्या साली झाला हे सांगणं अवघड; पण पेटीतले फोटो ओळीने मांडले की डोळ्यांसमोर होतो.

स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर संगमरवरी जिना, कमान, आणि हंसांचं तळं. ज्या भागात गावोगाव खरे मालगुजारी तलाव, नवेगावबांधसारखा अथांग जलाशय, तिथली माणसं मैल न् मैल चालून येत आणि कापडी तळ्यापुढे उभी राहत! भिंतीवर खुंटीला स्टुडिओच्या मालकीचा एक कोट. शेजारी टाय, कधी मनगटी घड्याळ, पुढच्या काळात ट्रान्झिस्टर. आरसा, कंगवा, पावडरचा डबा. आमच्या नात्यातल्या एका घरी असा एक फोटो आहे: धोतरावर कोट घातलेला विशी-बाविशीचा शेतकरी, कोटाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या, घड्याळ दिसावं म्हणून डावी बाही मुद्दाम मागे सारलेली. त्याच अल्बममध्ये पुढच्या पानावर त्याचा मोठा भाऊ आहे. कोट तोच. खिशावरची शिवण तीच, फक्त इथे बटणं ताणलेली. घरातली आजी हे दोन्ही फोटो दाखवून म्हणते, ‘आमच्याकडे तवा कोट होते.’ तिला कुणी अडवत नाही.

निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने चेहरा साफ करणं हे स्टुडिओवाल्याचं खरं कसब. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, उन्हात रापलेलं कपाळ, सगळं पुसलं जाई. मुलगी दाखवायच्या फोटोत हे काम जास्त. त्या फोटोची ठेवणही ठरलेली: तिरकी मान, एका हातात पुस्तक, दुसरा हात कुंडीच्या स्टँडवर. शाळा सोडून चार वर्षं झालेल्या मुलीच्या हातातसुद्धा पुस्तक. ऐपतीच्या घरांत काळ्या-पांढऱ्या प्रतीवर हाताने रंग भरून घेत, म्हणून कित्येक आज्यांची लुगडी फोटोत गुलाबी आहेत. ती खरी कोणत्या रंगाची होती हे त्याच सांगू शकल्या असत्या.

कापडाचा माग काढला तरी रूळच सापडतात. पश्चिमेला नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली. रोजच्या वापरातलं धोतर-लुगडं तिकडचं. पूर्वेला राजनांदगावची बीएनसी मिल, मच्छरदाणीच्या कापडासाठी नावाजलेली. त्याच लाईनवर पुढे चांपा, तिथला कोसा, म्हणजे रानरेशीम. आणि घरचा म्हणावा असा कोसा भंडाऱ्याकडच्या आंधळगाव-पवनीच्या विणकरांचा. करवतीच्या दात्यांसारखी किनार असलेली करवतकाठी साडी काळ्या-पांढऱ्या फोटोतही लगेच ओळखू येते, कारण रंग गेला तरी दाते राहतात. ती साडी बहुधा लग्नातली असते आणि बहुधा एकच असते. दहा वर्षांत काढलेल्या चार फोटोंत तीच दिसली तर नवल करू नये.

साठच्या दशकानंतर सगळं वेगाने बदललं. टेरिलीन आलं, टेरिकॉट आलं. इस्त्री मोडत नाही, धुऊन झटक्यात वाळतं, याचं आकर्षण पावसाळ्यात चार महिने कपडे दमट राहणाऱ्या या भागात किती असेल! घरात आगफाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा येऊ लागला. बारा फोटोंचा रोल, चौकोनी प्रती. फोटो स्टुडिओच्या बाहेर पडला आणि थेट हाजरा फॉलला सहलीला गेला. दरेकसा स्टेशनाजवळच्या त्या धबधब्यापुढे बेलबॉटम आणि काळा गॉगल घातलेली किती पोरं उभी राहिली असतील त्याला गणती नाही. मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था सुरू केली, तिची कॉलेजं गावात वाढली, आणि मंडईला, म्हणजे या झाडीपट्टीतल्या दिवाळीनंतरच्या जत्रांना, गावी जाणारा पोरगा कॉलेजचा झाला. रात्री मंडईतलं नाटक बघायला येताना त्याच्या शर्टाची कॉलर खांद्यापर्यंत. १९७३ च्या ‘बॉबी’नंतर ठिपक्यांचं कापड आलं. १९७७ च्या डिसेंबरात रेल्वेमंत्री मधु दंडवते यांच्या कारकिर्दीत गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तेव्हा वरच्या वर्गाचा डबाच नसलेली गाडी. मुंबईचं टोक त्यामुळे आणखी जवळ आलं आणि टेलरमास्तरांपुढे सिनेमाच्या मासिकातलं पान ठेवून ‘असंच पायजे’ म्हणणारी गिऱ्हाइकं वाढली.

या सगळ्यात एक माणूस दिसत नाही. खरं तर हजारो, आणि बहुतेक बायका. गोंदियाचा पैसा ज्या बिडीवर उभा राहिला ती बिडी ओसरीवर सूप मांडीवर घेऊन वळली जाई; पानं कापायची, तंबाखू भरायचा, दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने. तेंदूपत्ता तोडणीला उन्हाळ्यात पहाटे जंगलात जायचं. पावसाळ्यात रोवणीला कासोटा खोचून, लुगडं गुडघ्यावर घेऊन दिवसभर चिखलात. या वेशातला फोटो घरच्या पेटीत सापडत नाही. कोण काढणार, आणि कोण काढून घेणार? बिडीच्या पुड्यावर मालकाचा टोपी-कोटातला फोटो छापायची रीत देशभर होती. म्हणजे ज्या हातांनी बिडी वळली त्यांच्याकडे स्वतःचा फोटो नव्हता, आणि शेठजींचा मात्र रोज हाताखालून जाई. जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरताना आपण बघतो तो त्या माणसांचा एक दिवस असतो, तोही उसन्या कोटातला. साधेपणाचे दिवस होते म्हणायचं असेल तर स्टुडिओच्या फोटोंचा दाखला देऊ नये. साधे दिसायला तिथे कुणी गेलंच नव्हतं.

सातपुड्याची छोटी गाडीही आता फोटोतच आहे. बालाघाटपर्यंतचे रूळ आधी बदलले, आणि २०१५ मध्ये नैनपूर-जबलपूरकडचा उरलेला नॅरोगेजही थांबला. तसली इंजिनं बघायची असतील तर नागपूरच्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयात जावं.

पेट्यांतले फोटोही टिकतीलच असं नाही. हा पावसाचा मुलूख. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, दमटपणात त्यावर बुरशी धरते, आणि काचेला चिकटलेला फोटो ओढला की चेहराच काचेवर राहतो. काळे-पांढरे फोटो चांदीचे, ते नीट धुतलेले असतील तर शंभर वर्षं काढतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आधी जातात. त्यांतला निळा-हिरवा उडतो आणि सगळी वरात लालसर होऊन बसते. चिकट पानांचे अल्बम सगळ्यांत वाईट. फोटो त्यातून काढून साध्या कागदी पाकिटात ठेवावेत, कोरड्या जागी, आणि मागे शिसपेन्सिलीने नावं लिहावीत. बॉलपेनने नको, अक्षर पुढे उमटतं. नावं सांगणारी माणसं आहेत तोवर हे करायला हवं.

आणि ज्यांनी आयुष्यभर फोटो काढलाच नाही, त्यांचं काय? त्यांचा फोटो अखेर निवडणूक आयोगाने काढला. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला, आणि पुढच्या काही वर्षांत सालेकसा-देवरीच्या पाड्यांवरची साठी-सत्तरीची माणसं जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे बसली. शाळेच्या भिंतीला टेकून, आहेत त्या कपड्यांत, कुणी ‘हसा’ म्हणालं नाही. त्यातलं कुणी गेलं की मुलं तेच ओळखपत्र घेऊन गोंदियाला येतात. कॉम्प्युटरपुढे बसलेला स्टुडिओवाला अंगठ्याएवढा तो चेहरा मोठा करतो, मागचा शिक्का पुसतो, निळं आकाश टाकतो आणि विचारतो, ‘फेटा ठेवू की कोट घालू?’ बहुतेक जण कोट सांगतात.